डबा भंगारात घालण्याआधी बघा, चित्र कोण काढतंय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आला की आमच्यासारख्या संस्थांमधून दोन फायली फिरायला लागतात. एक नव्या खरेदीची, दुसरी निर्लेखनाची. निर्लेखन म्हणजे जुनं सामान भंगारात घालायचा सरकारी शब्द. यंदा ओळखीच्या दोन संस्थांच्या यादीत मला एकच ओळ दिसली : ‘थिन क्लायंट, ग्राफिक्स चालत नसल्याने निरुपयोगी.’ एका यादीत वीस नग, दुसरीत तीस. हीच ओळ आमच्याही फायलीत जाता जाता राहिली होती, आणि ती टाईप केली होती मीच. म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी कोल्हापुरातल्या एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेत प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. इंजिनिअर नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय करून लागलो, पुढचं सगळं मशिनं उघडून आणि पोरापोरींकडून शिकलो.

थिन क्लायंट म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि नेटवर्कची वायर लावायला जागा असते. आमच्या पेट्यांत हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. प्रोग्रॅम सगळे एका सर्व्हरवर चालतात, पडद्यावर दिसणारं चित्र तेवढं वायरीतून येतं. बँकेच्या काउंटरवर किंवा दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेली काळी पेटी तुम्ही बघितली असेल, ती हीच. आमच्याकडं तिला थिन क्लायंट कुणी म्हणत नाही. डबाच म्हणतात.

आम्ही २०१८ ला असे चोवीस डबे आणि एक सर्व्हर घेतला. त्याआधीची मशिनं वर्कशॉपच्या धुळीनं बेजार व्हायची. दर दोन महिन्यांनी पंखे काढून ब्लोअर मारायचा, तरी उन्हाळ्यात दोन-चार बंद पडायचीच. डब्याला पंखाच नाही, त्यामुळं धुळीचा प्रश्न मिटला. वीजही कमी. जुनं एक मशीन जेवढी वीज खायचं, तेवढ्यात पाच-सहा डबे चालतात.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ आहे, म्हणजे किती वर ते कळेल. व्हीनस कॉर्नर पाण्यात होता आणि आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर. पाणी गेटपाशी आलं तेव्हा आम्ही चौघं होतो. सर्व्हर दोघांनी धरून जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर नेला. चोवीस डबे खताच्या दोन रिकाम्या पोत्यांत मावले. शिपाईमामांनी एक पोतं एका खांद्यावर, दुसरं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि भाजी घेऊन निघाल्यासारखे वर गेले. जुनी मशिनं असती तर निम्मीसुद्धा वाचली नसती. त्या गडबडीत एका डब्याचा अडॅप्टर हरवला, तेवढंच नुकसान. तेव्हापासून सर्व्हर वरच आहे.

हे एवढ्यासाठी सांगतो की डब्यांवर माझा राग नाही. माया आहे. तरीही २०२२ मध्ये मी त्यांच्या निर्लेखनाचा कागद तयार केला.

झालं असं. लॉकडाऊननंतर वर्ग भरले आणि पोरांना त्रिमितीय ड्रॉइंग शिकवायचं ठरलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये आता कागदावरचं ड्रॉइंग वाचता येणं पुरत नाही. पॅटर्न करायचा असो की मशिनिंग, मॉडेल कॉम्प्युटरवर फिरवून बघता आलं पाहिजे. आम्ही फ्रीकॅड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकलं आणि पहिला धडा ठेवला ऑइल इंजिनच्या कनेक्टिंग रॉडचा.

एका पोरानं रॉड उघडला. छान फिरला. मी खूश. मग चोवीस जणांनी उघडला.

माऊस धरून रॉड फिरवायचा, तर तो जागेवरच. चार-पाच सेकंदांनी एकदम उडी मारून भलत्याच कोनात उभा. तोवर पोरानं माऊस अजून ओढलेला असायचा, मग तो आणखी पुढं. पोरं शेवटी शहाणी झाली. माऊस जरासा ओढायचा, हात वर घ्यायचा आणि मोठ्यानं ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं. वर्गात पाढे चालल्यासारखं वाटायचं. वरच्या मजल्यावर सर्व्हरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. कहर म्हणजे बाजूच्या रांगेत एक मुलगी फक्त मराठीत अर्ज टाईप करत होती, तर तिचंही अक्षर बोट उचलल्यावर दोन सेकंदांनी उमटत होतं. पाठीमागून एकजण म्हणाला, “सर, ह्येला च्या पाजा, जरा तरतरी येईल.”

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, नेटवर्क कमी पडतंय, स्विच (सगळ्या डब्यांच्या वायरी जिथं एकत्र येतात ती पेटी) बदला. अठरा हजारांचा नवा स्विच आला. काडीचा फरक पडला नाही. पडणार कसा? स्विच होता हजार मेगाबिटचा, पण आमच्या डब्याच्या मागचा जॅकच शंभरचा. गल्लीचं तोंड तेवढंच ठेवून हमरस्ता रुंद केला, अशातला प्रकार. पुन्हा फोन केला तर उत्तर आलं, माल तुमच्या ऑर्डरप्रमाणेच आहे. ते मात्र खरं होतं. ऑर्डरचा तपशील मीच लिहिला होता, तोही आधीच्या एका ऑर्डरवरून उतरवून. रॅम किती, मॉनिटर किती इंची, गॅरंटी किती वर्षं. ग्राफिक्सपुढं एकच शब्द होता, ‘इंटिग्रेटेड’. तो डब्यातला की सर्व्हरमधला, हे ना मी विचारलं, ना त्यानं सांगितलं.

मग नव्या चोवीस कॉम्प्युटरचं कोटेशन मागवलं. साडेनऊ लाख. त्याला जोड म्हणून निर्लेखनाचा कागद.

तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर असतानाच आमची एक जुनी विद्यार्थिनी दाखला घ्यायला आली. शिरोलीत एका डिझाइन ऑफिसात नोकरीला आहे. चहा घेताना मी रडगाणं गायलं. ती म्हणाली, “नेटवर्क राहू दे सर. आधी चित्र कोण काढालंय ते बघूया.”

मला प्रश्नच कळला नाही. तिनं एका डब्यासमोर बसून एक आज्ञा टाईप केली, जीएलएक्सइन्फो. भराभर ओळी आल्या. त्यातल्या ‘रेंडरर’, म्हणजे चित्र काढणारा, या ओळीवर बोट ठेवून ती हसायला लागली. तिथं लिहिलं होतं, एलएलव्हीएमपाइप.

त्याचा अर्थ तिनं सांगितला तो असा. त्रिमितीय मॉडेल म्हणजे हजारो-लाखो छोटे त्रिकोण. रॉड जरा फिरवला की प्रत्येक त्रिकोण आता कुठं दिसेल, कुठला कुणाच्या मागं झाकला जाईल, उजेड कुठून पडेल, हा सगळा हिशेब नव्यानं करून पडद्याचा एकेक ठिपका रंगवायचा. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. त्यात शेकडो छोटे हात असतात, सगळे एकाच वेळी रंगवतात. कार्ड नसेल तर प्रोग्रॅम अडून बसू नये म्हणून लिनक्समध्ये, म्हणजे आमच्या सर्व्हरवर विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीत, मेसा नावाचा जो ग्राफिक्सचा संच असतो, त्यात पर्यायी सोय आहे : साध्या प्रोसेसरकडूनच रंगवून घ्यायचं. त्या सोयीचं नाव एलएलव्हीएमपाइप. सोय प्रामाणिक आहे, चित्र बरोबर काढते. पण ती प्रोसेसरचे मिळतील तेवढे कोर, म्हणजे हिशेब करणारे भाग, वापरते. एका पोराचा रॉड असेल तर सगळा प्रोसेसर त्याच्या दिमतीला, म्हणून पहिला रॉड छान फिरला. चोवीस रॉड झाले आणि चोवीस जण तेच कोर ओढायला लागले. अर्ज टाईप करणाऱ्या मुलीचं अक्षर त्या ओढाताणीत अडकलं होतं.

म्हणजे दोष वायरीचा नव्हता, डब्याचाही नव्हता. आमच्या सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्डच नव्हतं. पडदा दिसण्यापुरती जी चिप सर्व्हरच्या बोर्डावर असते तेवढीच.

मी विचारलं, मग डब्यातली चिप काय करते? तिच्याकडून का काढून घेत नाही? इथं तिनं जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना रांगोळीच्या भाषेत सांगतो. समजा तुमची बहीण पलीकडच्या गल्लीत राहते आणि तिच्या दारात रांगोळी हवी आहे. एक मार्ग, फोनवरून सांगायचं : सात ठिपके, सात ओळी, पहिला ठिपका तिसऱ्याला जोड. काढणार ती. दुसरा मार्ग, तुम्ही इथं पाटावर काढायची आणि तो पाट जपून गल्लीतून तिच्या दारात न्यायचा. लिनक्समध्ये अजून चालते ती एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली, ती पहिल्या मार्गाची. सूचना वायरीतून जायच्या, चित्र समोरचं मशीन काढायचं. रेघा, चौकोन, अक्षरं यांना हे उत्तम. त्रिमितीसाठीही तशी सोय झाली, पण ती ओपनजीएलच्या, म्हणजे त्रिमितीय चित्राच्या सूचना द्यायच्या भाषेच्या, जुन्या आवृत्त्यांपुरतीच चालते. शिवाय मॉडेल मोठं झालं की सूचनाच इतक्या होतात की फोन खाली ठेवताच येत नाही, आणि तिकडच्या डब्यातली चिपही अशक्त. म्हणून आता बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग. रांगोळी सर्व्हरवर काढायची, पाट डब्यापर्यंत न्यायचा.

पाटाचं वजन किती, हे मी त्या रात्री वहीवर मांडलं. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एका चित्राचे झाले ६२ लाख बाइट, म्हणजे जवळपास ५ कोटी बिट. आमच्या डब्याच्या वायरीतून सेकंदाला जातात १० कोटी. म्हणजे चित्र जसंच्या तसं पाठवलं तर सेकंदाला दोन. डोळ्याला हलतंय असं वाटायला पंचवीस-तीस लागतात. त्यामुळं पाट हलका केल्याशिवाय गत्यंतर नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा आणि तोही दाबून, जेपीईजी फोटो दाबतात तसा. हे काम व्हीएनसीसारखे प्रोग्रॅम करतात, आणि आमचाही तो करतच होता. पण रांगोळीच वेळेत काढून होत नसेल तर पाट नेणारा दारात उभा राहून काय करील?

दुरुस्ती सुरू झाली ती फुकटातल्या गोष्टीनं. आमच्या सर्व्हरवर नोम नावाचा दिमाखदार डेस्कटॉप होता. खिडकी उघडताना ती सरकत येते, सावली पडते, मेन्यू विरघळतो. हे सगळंही ओपनजीएलनंच रंगवलं जातं, म्हणजे आमच्याकडं तेही प्रोसेसरच्याच माथी. चोवीस जणांच्या खिडक्यांच्या सावल्या रंगवण्यात सर्व्हर दमत होता! तिनं तो काढून एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप टाकला, त्यातल्याही सावल्या बंद केल्या. अर्ज टाईप करणारीचं अक्षर त्याच क्षणी बोटाखाली उमटायला लागलं. या कामाला चाळीस मिनिटं आणि दोन चहा. ज्या संस्थेत फक्त टायपिंग, हिशेब आणि इंटरनेट चालतं, तिथं एवढ्यावरच काम भागेल असं माझं मत आहे.

मग कार्ड. इथं मी स्वतः घोळ घातला, तो सांगतो म्हणजे दुसऱ्यांचा वाचेल. दुकानात जाऊन चांगलं मोठं दोन पंख्यांचं कार्ड आणलं. सर्व्हर उघडला तर ते बसेना. बसलं असतं तरी त्याला एसएमपीएसमधून, म्हणजे सर्व्हरच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, वेगळी सहा पिनची वायर लागते, ती आमच्या सर्व्हरमध्ये नाही. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापलीकडं खाणाऱ्या कार्डाला वेगळी वायर हवीच. दुकानदार भला माणूस, बदलून दिलं. दुसऱ्या खेपेला निम्म्या उंचीचं, स्लॉटवरच भागणारं, चार जीबी मेमरीचं कार्ड आणलं. साडेआठ हजार.

नुसतं कार्ड लावून काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आनंदानं रॉड उघडला आणि तो तसाच अडखळला. कारण डब्यावर बसलेल्या पोराचा पडदा हा व्हीएनसीनं सर्व्हरच्या मेमरीत उभा केलेला लटका पडदा असतो. त्याचा कार्डाशी काही संबंध नाही. मधे एक दलाल लागतो. त्याचं नाव व्हर्च्युअलजीएल. फ्रीकॅड ‘हा त्रिकोण काढ’ म्हणून जी आज्ञा सोडतं, ती हा मधल्यामधे पकडतो, खऱ्या कार्डाकडं नेतो, तयार झालेलं चित्र परत आणतो आणि त्या लटक्या पडद्यावर ठेवतो. फ्रीकॅडला पत्ताही लागत नाही. हेही फुकट आहे. प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या नावाआधी ‘व्हीजीएलरन’ एवढा शब्द लावायचा. तिनं तो डेस्कटॉपवरच्या फ्रीकॅडच्या चित्रामागंच लपवून ठेवला, पोरांना वेगळं काही शिकावं लागलं नाही.

शिपाईमामा हे सगळं बघत उभे होते. कार्डाच्या मागं मॉनिटर लावायच्या तीन जागा, तिन्ही मोकळ्या. त्यांनी विचारलं, “सर, ह्येला टीव्हीच जोडला नाही. मग ह्ये चित्र काढून दाखवालंय कुणाला?” बावीस वर्षांत प्रयोगशाळेत ऐकलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. खरंच ते कार्ड कुणालाच दाखवत नाही. काढतं आणि देऊन टाकतं.

दुसऱ्या दिवशी चोवीस जणांनी एकदम रॉड फिरवला. फिरला. लोण्यासारखा म्हणणार नाही, पण हात आणि चित्र बरोबर चालत होते. मोजणी बंद झाली. मर्यादाही सांगतो. अख्ख्या इंजिनची जुळणी उघडली, शेकडो भागांची, तर पाच-सहा जणांपर्यंत ठीक चालते, पुढं सगळेच हळू होतात. एक कार्ड चोवीस जणांत वाटलं जातंय, ते तरी किती पुरणार. मोठ्या जुळणीच्या दिवशी आम्ही पाळ्या लावतो.

व्हिडिओचं औषध वेगळं, तेही थोडक्यात लिहितो, कारण निर्लेखनाच्या यादीत ‘ग्राफिक्स’ या शब्दाखाली बऱ्याचदा व्हिडिओच असतो. सर्व्हरवरच्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की सर्व्हर तो उलगडतो, प्रत्येक चित्र ताणून पडद्याएवढं करतो, पुन्हा दाबतो, वायरीत ढकलतो. दाबलेला माल सोडवून, पुन्हा बांधून पाठवायचा. आणि हे चोवीस वेळा. खरं म्हणजे तोच व्हिडिओ एच.२६४ या पद्धतीनं आधीच दाबलेला असतो, सेकंदाला चार-पाच मेगाबिटमध्ये बसतो, आणि तो उलगडणारा भाग आमच्या डब्याच्या चिपमध्ये पहिल्या दिवसापासून होता. कुणी वापरतच नव्हतं. आता व्हिडिओच्या फायली सर्व्हरवर ठेवल्यात आणि त्या डबा स्वतःच्या प्लेअरनं वाजवतो. इथं मात्र रांगोळी फोनवर सांगितलेली बरी. पण तुमच्या डब्यात तो भाग आहे की नाही, हे आधी तपासा. नवीन म्हणजे असणारच असंही नाही. बरेच जण डबा म्हणून वापरतात त्या रास्पबेरी पायचंच बघा. चौथ्या पिढीत एच.२६४ उलगडणारा वेगळा भाग होता. २०२३ ला आलेल्या पाचव्या पिढीत तो नाही, ते काम प्रोसेसरवर टाकलंय. त्याचा प्रोसेसर ताकदीचा आहे, निभावतो, पण माहीत असलेलं बरं.

विंडोजवाल्यांसाठी मी फार बोलू नये, तो माझा प्रांत नव्हे. तरी एक गोष्ट खरेदी समित्यांना माहीत असावी. एकच कार्ड अनेक जणांत वाटून द्यायची रिमोटएफएक्स व्हीजीपीयू ही सोय मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये सर्व्हरच्या विंडोजमध्ये आणली. पुढं त्यात सुरक्षेच्या फटी सापडल्या, जुलै २०२० मध्ये ती बंद करण्यात आली आणि एप्रिल २०२१ च्या अपडेटनं काढूनच टाकली. म्हणजे जुन्या कोटेशनवरून तपशील उतरवणारा माझ्यासारखा कुणी असेल, तर तो आजही अस्तित्वात नसलेली सोय लिहून बसेल. एनव्हिडिया कंपनीच्या व्हीजीपीयूचं, म्हणजे असंच वाटून द्यायच्या सोयीचं, कार्ड घ्यायचं तर कार्डाच्या किमतीवर लायसन्स वेगळं पडतं, तेही माणशी. कोटेशनमध्ये ते पहिल्या पानावर आहे की तिसऱ्या पानाच्या तळाला, हे बघून घ्यावं.

आता खरेदी समित्यांवर बसणाऱ्यांना दोन शब्द. विक्रेता दाखवायला येतो तेव्हा एकच डबा आणतो. तो झकास चालतो. चालणारच, अख्खा सर्व्हर त्या एकट्याचा. वीस डबे घेणार असाल तर वीस लावून, वीसही जणांना बसवून, तुमचीच फाइल एकदम उघडायला सांगा, आणि पैशाचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. ऑर्डरमध्ये ‘ग्राफिक्स : इंटिग्रेटेड’ असं लिहू नका. त्रिमितीचं चित्र सर्व्हरवर काढलं जाणार की डब्यावर, त्यासाठी कार्ड कुठलं, व्हिडिओ कोण उलगडणार, हे साध्या मराठीत लिहून घ्या. मोठे शब्द लागत नाहीत. रेंडररच्या ओळीत काय दिसलं पाहिजे आणि काय दिसता कामा नये, एवढी एक अट घातली तरी निम्मी भांडणं टळतील.

विक्रेत्यांनाही एकदम चोर म्हणून मोकळं होऊ नये. आमच्याकडं येणाऱ्या मुलानं एलएलव्हीएमपाइप हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याला डबे विकायला शिकवलं होतं. पण ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांना घेऊन सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावात आपण एक सर्व्हर उघडून आत कार्ड आहे का हे बघत नाही आणि साडेनऊ लाखांचा कागद करतो, याची मला माझ्यापुरती लाज वाटली. तो कागद मी प्राचार्यांकडून परत मागून घेतला. “का हो?” म्हणाले. मी म्हटलं, “टायपिंगची चूक आहे.”

माझं ते निर्लेखनाचं टिपण अजून ड्रॉवरमध्ये आहे. ज्या दोन संस्थांच्या याद्या मी बघितल्या, त्यांना मी तोंडी सांगितलंय. एकीनं कागद थांबवलाय, दुसरीचा पुढं गेलाय. बाकीच्या कुणाला आमची प्रयोगशाळा बघायची असेल तर शनिवारी दुपारनंतर पोरं नसतात. आमचा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना तुमची सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर आणा, आमची हलकी फाइल बघून खूश होऊ नका.

आणि एक विनंती, छापली तर उपकार होतील. पुरात ज्याचा अडॅप्टर हरवला तो चोविसावा डबा आम्ही आजही एका बेंच सप्लायवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या वीजपुरवठ्याच्या यंत्रावर, चालवतोय. रॉड फिरवणारा पोरगा आणि त्याच्या शेजारी भलामोठा सप्लाय, असा थाट असतो. कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय, अडॅप्टर कुठंच मिळत नाही. १२ व्होल्ट, गोल पिन, पण नेहमीपेक्षा बारीक. ज्यांचे डबे भंगारात निघालेच असतील त्यांनी अडॅप्टर तेवढा बाजूला काढून ठेवावा, मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक
कोल्हापूर